वाचकांचे प्रश्न : तारेतून वीज घेणारे रेडिओ आणि उलटलेली ध्रुवता

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरत आहेत. गच्चीवर, टॉवरवर किंवा टेकडीवर बसवलेल्या वायरलेस रेडिओला डेटाच्याच तारेतून वीज पुरवताना प्लस आणि मायनस उलटे होतात, म्हणजे ध्रुवता उलटते, आणि मग काय बिघडले हेच कळत नाही, अशी ती अडचण आहे. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून हीच पत्रे एकत्र घेतली आहेत. उत्तरांत पिनांचे क्रमांक वारंवार येतील, त्यासाठी एक खूण लक्षात ठेवावी. नेटवर्कच्या तारेच्या टोकाला असलेल्या आरजे-४५ प्लगची खिट्टी खाली, तांब्याची पाती वर आणि तार आपल्या बाजूला, असा प्लग धरला की अगदी डावीकडची पिन १ आणि अगदी उजवीकडची ८. तारांची जुळणी ‘ए’ पद्धतीची असो वा ‘बी’ पद्धतीची, ४ आणि ५ या पिनांवर निळी जोडी व ७ आणि ८ या पिनांवर तपकिरी जोडी येते. दोन्ही पद्धतींत फरक पडतो तो नारिंगी आणि हिरव्या जोडीत.

प्रश्न : आमच्या पॅकहाउसच्या गच्चीवर इंटरनेटसाठी लावलेला रेडिओ अनेक वर्षे विनातक्रार चालला. पावसाळ्यात तो बंद पडल्यावर मी दुसऱ्या कंपनीचा नवा रेडिओ आणून जुन्याच इंजेक्टरला (डेटाच्या तारेत वीज सोडणाऱ्या डब्याला) जोडला. ॲडॅप्टरवर ३० व्होल्ट लिहिलेले आहे आणि नव्या रेडिओवर २४ ते ३० व्होल्ट चालतील असे छापलेले आहे. प्लगही नीट बसला. परंतु रेडिओचा एकही दिवा लागला नाही आणि इंजेक्टरचा दिवा मात्र लुकलुकू लागला. नवा रेडिओ जळाला असे समजावे का?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : एवढ्यात तसे समजू नये. आपण व्होल्टेज जुळवले, प्लग जुळवला, पण तिसरी गोष्ट जुळवायची राहिली आणि ती तपासावी असे ॲडॅप्टरवरचा मजकूर कुणाला सहसा सुचवत नाही. आपल्या इंजेक्टरसारखी साधने कोणतीही विचारपूस न करता तारेच्या ठरावीक जोड्यांवर थेट वीज सोडतात. या पद्धतीला ‘पॅसिव्ह पीओई’ (पीओई म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणे) म्हणतात आणि तिला कोणतेही सर्वमान्य मानक नाही. कोणत्या पिनेवर धन आणि कोणत्या पिनेवर ऋण असावे, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरवले. युबिक्विटीचे २४ व्होल्टवर चालणारे रेडिओ आणि मायक्रोटिकची पॅसिव्ह साधने ४-५ वर धन आणि ७-८ वर ऋण घेतात, आणि बाजारात मिळणारे बहुतेक साधे इंजेक्टरही असेच असतात. मोटोरोलाने ‘कॅनोपी’ नावाने जे रेडिओ विकले, त्यांत मात्र नेमके उलटे होते. तेथे धन ७-८ वर आणि ऋण ४-५ वर. हा व्यवसाय २०११ मध्ये कॅम्बियम नेटवर्क्स या स्वतंत्र कंपनीकडे गेला, तरी त्या घराण्यातील जुने रेडिओ आणि त्यांचे सुमारे ३० व्होल्टचे इंजेक्टर आजही अनेक ठिकाणी टिकून आहेत. आपला ३० व्होल्टचा जुना ॲडॅप्टर पाहता, आपल्याकडे याच उलट पद्धतीचा इंजेक्टर असण्याचा संभव मोठा आहे. अर्थात हा अंदाज आहे, आणि तो मल्टिमीटरने दोन मिनिटांत पडताळता येतो.

त्यासाठी एक छोटी पॅच कॉर्ड घ्यावी, तिचे एक टोक कापावे आणि निळी व तपकिरी जोडी वेगळी करून टोके सोलावीत. रेडिओ काढून ठेवून इंजेक्टरच्या वीज देणाऱ्या जॅकमध्ये ही कॉर्ड घालावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल काडी निळ्या जोडीला आणि काळी काडी तपकिरी जोडीला लावावी. आकडा +३० च्या आसपास आला तर ४-५ वर धन आहे. आकड्यापूर्वी उणे चिन्ह आले तर ७-८ वर. हीच कॉर्ड पुढेही जपून ठेवावी, कारण इंजेक्टरच्या डब्यावर जे छापलेले असते त्यापेक्षा तिचे म्हणणे अधिक खरे असते. दुकानदारांकडे सुटे मिळणारे, डीसी जॅकला जोडायचे नर-मादी जोड वापरले असतील तर ॲडॅप्टरची पिनही पाहावी. त्या जोडांत बहुधा मधली पिन ४-५ ला जोडलेली असते; मग एखाद्या जुन्या ॲडॅप्टरचा मध्य ऋण असला की पुढचे सारेच उलटते आणि दोष मात्र रेडिओच्या माथी जातो.

आता आपल्या इंजेक्टरचा दिवा का लुकलुकला ते पाहू. उलट वीज मिळाल्यावर रेडिओ काय करतो हे त्याच्या दाराशी कोणता पहारेकरी बसवला आहे यावर ठरते. काही रेडिओंत वाटेत एकच डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, ओळीने जोडलेला असतो. तो उलट वीज आत येऊच देत नाही; रेडिओ गप्प राहतो, इंजेक्टरचा दिवा मात्र नेहमीसारखा स्थिर जळतो आणि काहीही बिघडत नाही. बऱ्याच रेडिओंत मात्र प्लस आणि मायनस यांच्यामध्ये आडवा एक डायोड असतो, ज्याचे मूळ काम विजांच्या कडकडाटात येणारा व्होल्टेजचा झटका गिळणे हे आहे. ध्रुवता उलटली की हाच डायोड सरळ दिशेने वाहू लागतो आणि इंजेक्टरच्या दृष्टीने ते जवळजवळ शॉर्ट सर्किटच ठरते. चांगला ॲडॅप्टर अशा वेळी स्वतःला बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो, आणि हाच आपल्याला दिसलेला लुकलुकता दिवा. म्हणजे आपल्या रेडिओत बहुधा आडवा डायोड आहे, आणि ॲडॅप्टरने वेळीच हात आखडता घेतला असेल तर त्या डायोडमागचे भाग शाबूत असू शकतात.

याचीही परीक्षा करता येते. सगळा पुरवठा बंद करून तीच कापलेली कॉर्ड रेडिओच्या जॅकमध्ये घालावी आणि मीटर डायोडच्या खुणेवर आणावा. रेडिओला जेथे धन हवे तेथे लाल काडी लावली असता आकडा हळूहळू चढत जाऊन मीटरच्या मर्यादेबाहेर गेला, आणि काड्यांची अदलाबदल केल्यावर ०.५ ते ०.७ च्या दरम्यान काही दिसले, तर निश्चिंत व्हावे आणि योग्य ध्रुवतेचा इंजेक्टर जोडून पाहावा. दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य आले तर तो आडवा डायोड कायमचा शॉर्ट झालेला आहे. त्यातही सर्वस्व गेलेले नसते. मोबाइल दुरुस्त करणारा हुशार कारागीर तो एक भाग बदलून रेडिओ पुन्हा उभा करू शकतो. ज्या रेडिओत कोणताच पहारेकरी नसतो त्याची गत सर्वांत वाईट, कारण उलट व्होल्टेज थेट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर आणि वीज कमी-जास्त करणाऱ्या चिपवर पडते. मग कपॅसिटर फुगतो आणि वास येतो. आपल्या पत्रात वासाचा उल्लेख नाही, हे सुचिन्ह आहे.

प्रश्न : मानक पीओई साधनांत ध्रुवतेला काही महत्त्व नाही असे मी शिकलो आहे. मग रेडिओवाल्यांनाच ही कटकट का? शिवाय आमच्या महाविद्यालयातील पीओई स्विचला (अनेक साधने नेटवर्कला जोडणाऱ्या आणि तारेतून वीजही देणाऱ्या डब्याला) असा २४ व्होल्टचा रेडिओ जोडला तर तो चालूच होत नाही, आणि त्या पोर्टवर मीटर लावला तर आकडा नुसता नाचत राहतो. स्विच बिघडला आहे का?
— एक विद्यार्थी वाचक, सांगली

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे आणि आपला स्विचही बहुधा ठीक आहे. २००३ मध्ये आलेल्या ८०२.३ एएफ या मानकाने आणि त्यानंतरच्या २००९ च्या एटी व २०१८ च्या बीटी या सुधारणांनी वीज देणाऱ्यावर एक शिस्त लादली, ती म्हणजे विचारल्याशिवाय वीज सोडायची नाही. स्विच प्रथम सुमारे २.७ ते १०.१ व्होल्टच्या दरम्यान चाचपणी करतो आणि पलीकडे २५ किलोओमच्या आसपास रोध दिसला तरच समोर वीज घेण्यास पात्र साधन आहे असे मानून ४४ ते ५७ व्होल्टचा खरा पुरवठा सुरू करतो. आपला मीटर ही चाचपणीच पाहत होता, म्हणून आकडा नाचत होता. आपल्या २४ व्होल्टच्या रेडिओत ती २५ किलोओमची ओळखखूण नाही, त्यामुळे स्विचने त्याला ओळख दिली नाही. त्यात दोघांचेही भले झाले.

वीज घेणाऱ्यावरही मानकाने एक अट घातली, ती म्हणजे ध्रुवता कोणतीही असो, साधन चालले पाहिजे. ही अट उदारपणातून आलेली नसून तारांच्या जुन्या सवयीतून आली आहे. मानकानुसार वीज दोन प्रकारे नेता येते. एका प्रकारात ती १-२ आणि ३-६ या डेटाच्याच जोड्यांवर स्वार होते, तर दुसऱ्यात ४-५ वर धन आणि ७-८ वर ऋण अशी जाते. पहिल्या प्रकारात दोन संगणक थेट जोडण्यासाठी पूर्वी वापरली जाणारी उलट-सुलट जोडणीची तार मध्ये आली की १-२ आणि ३-६ यांची अदलाबदल होते आणि प्लसच्या जागी मायनस येतो. अशा तारा जगभर लाखो कपाटांत पडून होत्या, त्या कोण शोधत बसणार? त्याऐवजी प्रत्येक साधनाच्या दाराशी चार डायोडांचा पूल बसवण्याचा मार्ग निवडला गेला. वीज कशीही आली तरी पुलापलीकडे प्लस तो प्लसच राहतो. दोन्ही प्रकारांसाठी दोन पूल, म्हणजे आठ डायोड.

मग रेडिओ बनवणाऱ्यांनी हा पूल का टाळला? आपण आकडेमोड करून पाहावी. पुलातून जाताना वीज नेहमी दोन डायोड ओलांडते, आणि साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट धरले तर १.४ व्होल्ट तेथेच सांडतात. ४८ व्होल्टमध्ये हा तोटा ३ टक्क्यांच्याही आत राहतो, २४ व्होल्टमध्ये तो ६ टक्क्यांच्या जवळ जातो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर जवळजवळ १२ टक्के होतो. ज्या रेडिओंचा जन्मच सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालण्यासाठी झाला, त्यांच्या निर्मात्यांना ही गळती नको होती. शिवाय स्वस्त रेडिओत आठ भाग वाचवण्याचा मोहही होताच. माझ्या मते पहिले कारण समजण्यासारखे आहे, दुसरे नाही. निदान एक ओळीतला डायोड तरी प्रत्येक रेडिओत असायला हवा होता.

प्रश्न : चुकून रेडिओची तार इंजेक्टरमधून काढून तशीच लॅपटॉपच्या नेटवर्क पोर्टला लावण्याऐवजी इंजेक्टरच्या वीज देणाऱ्या बाजूची तार लॅपटॉपला लागली. काही क्षणांतच करपल्याचा वास आला. लॅपटॉप चालू आहे, पण पोर्ट मृत आहे. तेथे ध्रुवता उलटली असेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही, तेथे कोणत्याही ध्रुवतेने हेच झाले असते. नेटवर्क पोर्टच्या आत प्रत्येक जोडीच्या मध्यावरून ७५ ओमचा एकेक रोधक निघून सगळे एका सामाईक बिंदूला मिळतात. गोंगाट कमी करण्यासाठी ती योजना असते. पॅसिव्ह इंजेक्टरने ४-५ आणि ७-८ यांच्यामध्ये २४ व्होल्ट सोडले की वीज एका रोधकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, म्हणजे १५० ओममधून वाहते. धारा ०.१६ अँपिअर होते आणि प्रत्येक रोधकावर जवळजवळ २ वॉट उष्णता येते. हे रोधक मोहरीच्या दाण्याएवढे असून वॉटच्या एका छोट्या अंशापुरतेच बनलेले असतात. वास त्यांचाच होता. काही पोर्टांत या वाटेवर कपॅसिटर असल्यामुळे ते बचावतात, पण आपला पोर्ट त्या भाग्यवंतांपैकी नव्हता. यूएसबीला जोडायचे नेटवर्क ॲडॅप्टर घेऊन काम भागवावे.

प्रश्न : आमच्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेसाठी आम्ही डोंगरावर एक रिपीटर (संदेश पुढे पोचवणारे केंद्र) उभारला आहे. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, सौर पॅनेल, बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा साधा चार्ज कंट्रोलर आणि वर खांबावर रेडिओ; मध्ये सुमारे ६० मीटर शील्ड, म्हणजे धातूचे आवरण, असलेली तार. बॅटरीचा मायनस, खांब आणि शील्ड या तिन्हींना आम्ही नीट अर्थिंग केले आहे. ध्रुवता तपासून सर्व जोडले, तरी दोन त्रास आहेत. एक म्हणजे रेडिओ मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो. दुसरे म्हणजे ढगाळ हवामानात कंट्रोलरने रेडिओ तोडायला हवा, पण तो तोडत नाही आणि बॅटरी पार रिकामी होते. एक बॅटरी अशीच वाया गेली. ध्रुवतेत काही सूक्ष्म चूक आहे का?
— एक शिक्षक वाचक, अकोले (जि. अहिल्यानगर)

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की अर्धे निदान त्यातच आहे. दोन्ही त्रासांची कारणे वेगवेगळी आहेत आणि ध्रुवतेचा संबंध फक्त दुसऱ्याशी आहे. ध्रुवता उलटली असेल तर रेडिओ सुरूच होणार नाही. येणारा-जाणारा दोष ध्रुवतेचा क्वचितच असतो.

पहिला त्रास तारेचा आहे. नेटवर्कच्या नेहमीच्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओम असतो. धनासाठी दोन तारा समांतर आणि ऋणासाठी दोन समांतर धरल्या, तर ६० मीटरच्या जाण्या-येण्याचा एकूण रोध सुमारे ५ ओम येतो. रेडिओ ८ वॉट घेतो असे मानू. १२ व्होल्टच्या स्रोतातून ५ ओमच्या तारेपलीकडे जास्तीत जास्त किती वीज पोचवता येईल हे व्होल्टेजच्या वर्गाला रोधाच्या चौपटीने भागून मिळते. म्हणजे १४४ भागिले २०, सुमारे ७.२ वॉट. म्हणजे ८ वॉट मुळी पोचूच शकत नाहीत. रेडिओ शांत असताना कमी वीज घेतो म्हणून तो चालतो आणि पूर्ण जोराने प्रक्षेपण करू लागला की व्होल्टेज कोसळून तो बंद पडतो. हेच २४ व्होल्टवर केले तर धारा साधारण ०.३६ अँपिअर राहते आणि तारेवर २ व्होल्टही पडत नाहीत. त्यातून आपली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर रोध दीडपटीने वाढतो. लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, स्वस्त डबा उचलला की बहुधा तीच हाती पडते; तारेचे टोक चाकूने खरवडले असता आत चंदेरी दिसले की ओळखावे. खाली १२ चे २४ व्होल्ट करणारा एक परिवर्तक बसवावा, म्हणजे हा त्रास संपेल.

दुसरा त्रास अधिक रंजक आहे, आणि तो आपण अर्थिंग चोख केल्यामुळेच उद्भवला आहे. बाजारातील बहुतेक साध्या चार्ज कंट्रोलरांत पॅनेल, बॅटरी आणि लोड (वीज घेणारे साधन, येथे रेडिओ) या तिन्हींचे प्लस आतून एकच असतात आणि तोडजोड करणारे स्विच मायनसच्या वाटेवर बसवलेले असतात. अशा कंट्रोलरला ‘सामाईक धन’ म्हणावे. बॅटरीचे व्होल्टेज ११ च्या आसपास उतरले की तो लोडचा मायनस तोडतो आणि त्याच्या समजुतीप्रमाणे रेडिओ बंद झालेला असतो. पण अनेक रेडिओंत आतला मायनस हा जॅकच्या धातूच्या कवचाला, आणि त्यावाटे शील्डला व खांबाला जोडलेला असतो. आपण खांब आणि बॅटरीचा मायनस दोन्ही जमिनीला बांधलेत. त्यामुळे कंट्रोलरने पुढचे दार लावले तरी रेडिओची धारा शील्डमधून मागच्या दाराने थेट बॅटरीच्या मायनसला परतते. कंट्रोलरला याचा पत्ताच लागत नाही, बॅटरी खाली खाली जात राहते आणि लेड-ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर चढून ती मरते.

खात्री करायची असेल तर पॅनेल झाकून आणि बॅटरी सोडवून, कंट्रोलरच्या तीन प्लस टोकांमध्ये मीटरची ‘बीप’ चाचणी घ्यावी. तिन्ही एकमेकांशी बोलले तर कंट्रोलर सामाईक धनाचा आहे. उपाय म्हणून कुणी अर्थिंगच काढून टाकायला सांगेल. ते कृपा करून करू नये, डोंगरमाथ्यावर वीज पडण्याचा धोका फार मोठा आहे. बॅटरीचा मायनस तेवढा जमिनीपासून मोकळा ठेवला तर मागचे दार बंद होते, हा एक मार्ग आहे. परंतु आपल्याला तसेही १२ चे २४ व्होल्ट करायचेच आहेत, तेव्हा आत-बाहेरच्या बाजू विद्युतदृष्ट्या पूर्ण विलग असलेला परिवर्तक घेऊन तो कंट्रोलरच्या लोड टोकांवर बसवावा, हे मला अधिक पसंत आहे. एकाच खर्चात दोन्ही त्रास जातील. मात्र खरेदी करताना ‘विलग’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी नको, वस्तूच्या माहितीपत्रात हवा. आणि घरी आणल्यावर आतल्या व बाहेरच्या मायनसमध्ये बीप वाजत नाही ना, हे पाहावे.

प्रश्न : मोबाइल टॉवरच्या खोलीत आम्हाला जागा आणि तेथील ४८ व्होल्टचा बॅटरी-पुरवठा वापरण्याची परवानगी मिळाली. आमच्या रेडिओत डायोडांचा पूल आहे, ध्रुवतेची चिंता नाही असे निर्माता म्हणतो. तरीही खांबावर रेडिओ कसताच फ्यूज उडाला. खाली टेबलावर तोच रेडिओ व्यवस्थित चालत होता.
— एक वाचक, चाळीसगाव (जि. जळगाव)

उत्तर : दूरसंचार खोलीतला पुरवठा नुसता ४८ नसून उणे ४८ व्होल्टचा असतो, म्हणजे त्यात बॅटरीचा प्लस जमिनीला बांधलेला असतो. ही परंपरा टेलिफोनच्या जमिनीखालच्या तारांच्या काळातली आहे. ओल्या मातीत जमिनीच्या तुलनेत धन असलेला धातू विद्युत-अपघटनाने झिजत जातो, तर ऋण असलेला टिकतो; म्हणून तारा ऋण ठेवून प्लस जमिनीला दिला गेला, आणि तारांचे युग सरले तरी खोल्यांतली रीत राहिली.

टेबलावर आपला रेडिओ जमिनीला चिकटलेला नव्हता, म्हणून चालला. खांबावर कसताच त्याचे कवच जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या प्लसला, जोडले गेले. आणि कवच आतल्या मायनसला जोडलेले असल्याने प्लसची वाट कवचातून आतल्या मायनसला, तेथून पुलाच्या खालच्या डायोडमधून सरळ उणे ४८ कडे उघडली. पूल येथे रक्षण करत नाही, उलट हा डायोड त्या धारेच्या दिशेनेच तोंड करून बसलेला असतो. फ्यूज उडाला म्हणून तार आणि डायोड वाचले. पिना अदलाबदल करून येथे काहीही साधणार नाही. वर अकोल्याच्या शिक्षकांना सांगितलेला विलग परिवर्तकच येथेही लागेल. त्याची आतली बाजू उणे ४८ साठी असावी आणि फ्यूज प्लसच्या नव्हे, तर न बांधलेल्या, म्हणजे मायनसच्या तारेत असावा. प्लसमध्ये फ्यूज घालून ठेवला तर नेमका असा दोष आला की धारा त्याला वळसा घालून जमिनीतून जाते. तरंगत्या चार्जवर, म्हणजे भरलेली ठेवण्यासाठी सतत चार्जवर असताना, अशी बॅटरी ५४ व्होल्टपर्यंत असते, हेही परिवर्तक निवडताना लक्षात घ्यावे.

प्रश्न : इंजेक्टर आणि रेडिओ यांची ध्रुवता उलट असेल तर तारेच्या एका टोकाला निळी आणि तपकिरी जोडी आपसांत बदलून क्रिम्प केली (प्लगमध्ये दाबून बसवली) तर चालेल का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : १०० मेगाबिटच्या रेडिओला चालेल, कारण त्यात या दोन जोड्यांवर डेटा नसतो. एका टोकाला निळी व तिची पांढरी-निळी सखी ७-८ वर आणि तपकिरी जोडी ४-५ वर घालावी; दुसरे टोक नेहमीसारखे. गिगाबिट रेडिओत चारही जोड्यांवर डेटा धावतो. अदलाबदल झालेल्या जोड्या काही चिपा आपोआप ओळखून सावरून घेतात. पण सर्वच घेतील असे गृहीत धरून खांबावर चढू नये. तेथे योग्य ध्रुवतेचा गिगाबिट इंजेक्टर घेणे बरे. क्रिम्प करताना प्लगच उलटा धरण्याची चूक नवशिके हमखास करतात. तेव्हा १ ची ८ आणि २ ची ७ होते, ४-५ जागच्या जागी राहतात, आणि ऋण बाजू ७-८ ऐवजी १-२ वर जाऊन बसते. रेडिओ बंदच राहतो आणि माणूस ध्रुवता शोधत बसतो. म्हणून क्रिम्पनंतर तार-परीक्षकावर दिवे क्रमाने लागतात का हे आधी पाहावे. जाणूनबुजून बदललेल्या तारेत ४, ५ आणि ७, ८ चे दिवे तेवढे अदलाबदल झालेले दिसले पाहिजेत.

शिवाय बदल मोठ्या तारेत करू नये. एक फूटभर तुकडा वेगळा बनवून तो इंजेक्टरपाशी लावावा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळून वर ‘ध्रुवता उलट’ असे ठळक लिहावे. मी स्वतः असा एक तुकडा अनेक वर्षांपूर्वी चिकटपट्टीशिवाय बनवला होता. काम संपल्यावर तो पिशवीत इतर पॅच कॉर्डांबरोबर गेला. पुढच्या उन्हाळ्यात माझ्याच मदतनिसाने तो साधी कॉर्ड समजून एका चांगल्या, सरळ ध्रुवतेच्या जोडणीत लावला, आणि मी तारेत, रेडिओत, ॲडॅप्टरमध्ये दिवसभर दोष शोधत राहिलो. तुकडा सापडला तेव्हा रेडिओ गेलेला होता.